ध्रुपद ठेवले, अंतरे टाकले

जुन्या गीतांस नवा नाचरा ठेका लावून ती पुनश्च बाजारात आणण्याचा जो उद्योग आपल्याकडे गेली दोन तपे भरभराटीस आला आहे, त्याविषयी सुशिक्षित कुटुंबांत सामान्यतः दोनच मते कानी पडतात. एक पक्ष म्हणतो, हा शुद्ध भ्रष्टाकार आहे. पूर्वसूरींनी जे एकदा गाऊन ठेवले त्यास हात लावणे हेच पाप. दुसरा पक्ष हे सारे हसण्यावारी नेऊन म्हणतो, काळ बदलला, मुलांना नाचायचे आहे, नाचू द्या; निदान त्या निमित्ताने जुने गाणे त्यांच्या कानांवर तरी पडते. हे दोन्ही पक्ष एकमेकांशी इतकी वर्षे भांडत आले आहेत की, मूळ वादविषय काय होता याचाच उभयतांस विसर पडला असावा. आम्ही कल्याण-कर्जत लोहमार्गावरील बदलापुरानजीक, बेलवलीस राहणारी माणसे. लग्नसराई सुरू झाली की हा वाद आमच्याकडे मासिकांच्या पानांतून येत नाही, तो मांडवातून येतो, आणि मध्यरात्र टळेपर्यंत खिडक्यांच्या तावदानांना हादरे देत राहतो. तेव्हा या प्रश्नावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस नसला तरी निमित्त खचित आहे.

प्रथम पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ; कारण तो आमच्या अधिक जवळचा, आणि म्हणून अधिक चुकीचा आहे. जुन्या चालीस हात लावणे हे पाप म्हणावे, तर मराठी संगीत रंगभूमीचा जन्मच त्या पापातून झाला, हे या मंडळींनी सोयीस्करपणे डोळ्यांआड केले आहे. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील पदांच्या चाली अण्णासाहेबांनी हवेतून काढलेल्या नव्हत्या. कीर्तनातील साकी-दिंडी, लावण्या, कानडी पदे, जेथे जे रुचले ते त्यांनी घेतले आणि कण्वाच्या आश्रमात आणून बसविले. पुढे ‘मानापमान’ (१९११) नाटकास गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकास भास्करबुवा बखल्यांनी दिल्या. त्यांमागेही उत्तरेकडील ठुमऱ्या आणि घराण्यांच्या बंदिशी स्पष्ट उभ्या आहेत. बैठकीत गायिली जाणारी चीज रुक्मिणीच्या तोंडी घातली म्हणून तेव्हाच्या एखाद्या कर्मठ खाँसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. आज ती पदे आम्ही देवघरातल्या मूर्तींप्रमाणे जपतो. म्हणजे आजचे सोवळे हे बहुधा कालचे उसने असते. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात समतेचा आशय भरला. त्यांना कोणी चोर म्हणेल काय?

परंतु या जुन्या उसनवारीत एक गोष्ट अशी होती की, तिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही. संगीत नाटकाचे कोणतेही जुने छापील पुस्तक काढून पाहावे. प्रत्येक पदाच्या माथ्यावर बारीक टाइपात एक ओळ असते: ‘चाल’, आणि तिच्यापुढे ज्या मूळ पदावरून ती घेतली त्याचे पहिले दोन-तीन शब्द. राग, ताल आणि चाल. कोणाचे देणे लागतो हे पदाच्या डोक्यावरच लिहिलेले! किर्लोस्कर मंडळीस हे लिहावयास कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते. नटास, पेटीवाल्यास आणि घरी पदे म्हणणाऱ्या हौशी वाचकास चाल कळावी ही सोय त्यात होतीच. तथापि सोयीच्या पोटी का होईना, ती ऋणाची कबुली होती. ही एक ओळ पुढे कोठे गेली, हा प्रश्न वाचकांनी मनात धरून ठेवावा. आम्ही त्याकडे परत येणार आहोत.

आता जरा समुद्रापलीकडे दृष्टी टाकू. कारण आमच्याकडील तरुण मंडळी प्रत्येक नव्या खटाटोपास ‘जगभर हेच चालते’ असे पाठबळ देत असतात. जगभर काय चालते ते पाहू या. फ्रान्समध्ये एदित पियाफ नावाची एक असामान्य गायिका होऊन गेली. ‘ला वी आं रोझ’ हे तिचे गीत, शब्दही तिचेच. दुसरे महायुद्ध संपता संपता लिहिलेले, आणि तिच्या देशाने जवळजवळ राष्ट्रगीतासारखे उराशी धरलेले. १९७७ साली, पियाफला जाऊन चौदा वर्षे झाल्यावर, जमैकात जन्मलेल्या ग्रेस जोन्स या गायिकेने ते डिस्कोच्या ठेक्यावर घेतले. पियाफ गात असे ती काळीज पिळवटून; ही बाई गाते ती संथ, अलिप्त, काहीशी उन्मत्त. ठेका शांतपणे, लाट किनाऱ्याकडे यावी तसा हळूहळू चढत जातो आणि गीत सात मिनिटांहून अधिक चालते. मूळ तबकडीच्या दुप्पट! म्हणजे नाचासाठी घेतलेले गीत लहान झाले नाही, मोठे झाले. फ्रेंच शब्द तिने टाकले नाहीत. ते गात गात ती नाचाच्या मजल्यावर उतरली. पियाफच्या भक्तांना ते रुचले असेल वा नसेल. मूळ गीत तिने ऐकले होते, संपूर्ण ऐकले होते, आणि त्यास तिचे म्हणून काही उत्तर होते, एवढे कोणासही नाकारता येणार नाही.

दुसरे उदाहरण त्याच देशातले. १९६७ साली क्लोद फ्रांस्वा याने ‘कॉम दाबित्यूद’ हे गीत गायिले. त्यात संसारातील प्रेम विझत गेल्याची, रोजच्या सवयीची खंत होती. पॉल आंका याने चाल ठेवून इंग्रजी शब्द अथपासून इतिपर्यंत नव्याने लिहिले, आणि १९६९ साली फ्रँक सिनात्रा याच्या आवाजात ते ‘माय वे’ म्हणून जगभर गेले. विझलेल्या प्रेमाच्या जागी आयुष्याच्या संध्याकाळी छाती पुढे काढून उभा राहिलेला एक मनुष्य आला. आम्हांस स्वतःस तो मनुष्य फारसा आवडत नाही. पण तो पूर्ण मनुष्य आहे, त्यास हातपाय आहेत. मूळच्या फ्रेंच संगीतकारांची नावेही त्या गीतावरून पुसली गेली नाहीत.

तेव्हा परदेशाची साक्षच काढावयाची तर ती अशी आहे: जुने गीत सबंध घ्या आणि त्यास नवा देह द्या, अथवा चाल घ्या आणि तीत सबंध नवा जीव घाला. आमच्याकडे जे चालते ते या दोहोंपैकी एकही नव्हे. आमच्याकडे गीताचे ध्रुपद तेवढे कापून घेतात आणि अंतरे उकिरड्यावर टाकतात.

हा फरक वरवरचा नाही. ध्रुपद म्हणजे ध्रुवपद. जे स्थिर राहते, ज्याभोवती बाकीचे फिरते. अभंगाचे भजन ज्यांनी एकदा तरी मन लावून ऐकले असेल त्यांना हे सांगावयास नको. पहिल्याने ध्रुपद येते तेव्हा ते नुसते विधान असते. मग चरण येतो, काहीतरी सांगतो, एखादा दाखला देतो, एखादी शंका काढतो; आणि टाळकरी पुन्हा ध्रुपद उचलतात, तेव्हा शब्द तेच असूनही अर्थ पुढे सरकलेला असतो. चौथ्या चरणानंतरचे ध्रुपद आणि आरंभीचे ध्रुपद ही एकच ओळ आहे, हे कानांना कळते, मनाला पटत नाही. ख्यालगायकाचेही तेच. तो मुखडा घेऊन समेवर येतो तेव्हा सभा डोलते, कारण तो कोठेतरी दूर जाऊन आलेला असतो. जो घराबाहेर पडलाच नाही, त्याच्या परत येण्याचे कौतुक कोण करणार? अंतरे काढून टाकलेले ध्रुपद पन्नास वेळा वाजविले, तर ते पन्नास वेळा आरंभीचेच ध्रुपद राहते. नाचणाऱ्यांचे पाय त्यावर खुशाल हलोत. पायांवर आमचा राग नाही. पण त्या गीतास जे सांगावयाचे होते, ते अंतऱ्यात होते.

उदाहरणाशिवाय बोलणे हे टीकाकारास शोभत नाही, म्हणून अलीकडचे एक घेऊ. दादा कोंडके यांच्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) या चित्रपटातील ‘ढगाला लागली कळ’ हे गीत ठाऊक नाही असे मराठी घर नसेल. सोवळ्यातल्या घरांनाही ते ठाऊक आहे, फक्त ती कबूल करीत नाहीत. संगीत रामलक्ष्मण यांचे, आवाज महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांचे. कोंडके हे मुंबईच्या गिरणगावात वाढलेले, सेवादलाच्या कलापथकात आणि लोकनाट्यात मुरलेले गृहस्थ. त्या गीताची सारी खुमारी अशी की, वरवर पाहता ते पावसाचे आणि शिवाराचे गाणे आहे, आणि ज्याला ऐकू येते त्याला दुसरेही काही ऐकू येते. हे दुहेरी विणकाम एका ओळीत होत नसते. ती दोघे एकमेकांस उत्तर देतात, एकाने टाकलेला शब्द दुसरे माणूस झेलते, खेळ कडव्यागणिक चढत जातो. कोणी त्यास ग्राम्य म्हणो. ते तमाशाच्या सवाल-जवाबाच्या थेट वंशातले आहे.

२०१९ साली ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी चित्रपटाच्या प्रचारासाठी या गीताचे नवे नाचरे रूप काढण्यात आले. मीत ब्रदर्स यांनी ते केले आणि आमच्याच मातीतील एक लोकप्रिय नट त्यात नाचावयास पुढे आला. मराठीचे उरले काय, तर ध्रुपद! बाकी जागा हिंदी शब्दांनी भरली. त्या शब्दांना ना पावसाशी कर्तव्य, ना शिवाराशी. दुहेरी वीण उसवली आणि एकेरी धागा तेवढा हाती राहिला. मराठी माणसांनी मात्र ‘आपले गाणे हिंदीत गेले’ म्हणून पाठ थोपटून घेतली. एखाद्याच्या घराची चौकट उपटून दुसऱ्याने आपल्या दाराला बसवावी आणि मूळ मालकाने ‘आमचे घर शहरात गेले’ म्हणून पेढे वाटावेत, त्यातलाच हा प्रकार.

पुढे काय झाले हे अधिक बोधप्रद आहे. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी सांगणारी सारेगामा कंपनी आणि चित्रपटाचे निर्माते यांच्यात तंटा लागला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या गीताच्या वापरास अंतरिम मनाई केली. आमच्या पहिल्या पक्षाच्या मंडळींना आनंदाचे भरते आले: न्याय झाला! अहो, कसला न्याय? तो तंटा मालकीचा होता. गीताची वीण उसवली की राहिली, अंतरे गेले की वाचले, हा प्रश्न त्या तंट्यात उभा राहणारच नव्हता. आणि मालकांचा सौदा आगाऊ पटला असता तर एक अक्षर न बदलता तेच रूप घरोघर वाजत राहिले असते.

‘कोंबडी पळाली’चे प्रकरण याहून निराळे आहे, आणि न्यायबुद्धीने ते निराळेच ठेविले पाहिजे. ‘जत्रा’ (२००६) या मराठी चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी केलेली ती चाल त्यांनीच ‘अग्निपथ’ (२०१२) या हिंदी चित्रपटात ‘चिकनी चमेली’ म्हणून पुन्हा वापरली. चाल त्यांची, अधिकार त्यांचा. हिंदी शब्द सबंध नवे लिहविले आणि श्रेया घोषाल यांनी ते जीव तोडून गायिले. त्या गीताची अभिरुची आम्हांस मान्य नाही, पण त्यात कापाकाप नाही. टीकाकाराने आपल्या नावडीस तत्त्वाचा अंगरखा चढवू नये.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. त्यांचे मुख्य म्हणणे असे की, अशा रूपांतरांनी तरुण पिढीस जुने गीत कळते. २००२ साली ‘काँटा लगा’ची जी लाट आली, तेव्हाही हाच युक्तिवाद झाला होता. त्या एका लाटेने ‘समाधी’ (१९७२) चित्रपटातील ते गीत देशभर पुन्हा गाजले, हे खरे. पण आम्ही विचारतो, त्या लाटेत नाचलेल्यांपैकी किती जणांस मजरूह सुलतानपुरी हे नाव कळले? राहुल देव बर्मन हे नाव पुष्कळांस ठाऊक असेल, पण या गीतामुळे नव्हे. गीत कळणे आणि गीताचा एक तुकडा कानांवर आदळणे यांत जो भेद आहे, तोच एखाद्याशी ओळख होणे आणि गर्दीत त्याचा धक्का लागणे यांत आहे.

दुसरे म्हणणे असे की, आजच्या माणसास वेळ नाही. भ्रमणध्वनीवरील रील अर्ध्या मिनिटाची, तीत अंतरा मावायचा कसा? हे म्हणणे वरकरणी बिनतोड वाटते. परंतु वेळेची टंचाई ही काही आजची नवलाई नव्हे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे पहिल्याने मुद्रित झाले, तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे आमच्या गवयांच्या वाट्यास तबकडीच्या एका बाजूची तीन मिनिटेच आली. तासभर एक राग आळवणारा मनुष्य, आणि त्यास तीन मिनिटे! अब्दुल करीम खाँसाहेबांनी काय केले, हिराबाई बडोदेकरांनी काय केले? त्यांनी अस्ताई तेवढी गाऊन तबकडी भरली नाही. त्या चिमुकल्या अवकाशात चीज उभी केली, अंतरा घेतला, चार ताना घेतल्या आणि समेवर येऊन थांबले. अत्तराच्या फायात सबंध बाग येते. कापणे निराळे आणि आटवणे निराळे; आटवावयास मूळ वस्तू सबंध घ्यावी लागते.

खरे कारण वेळेचे नाही, सोयीचे आहे. नाचाच्या मांडवात ठेका एकसारखा चालावा लागतो. ध्रुपद बहुधा मध्य सप्तकात, तोंडात सहज बसणारे, एका दमात म्हणता येणारे असते. ते आठ-दहा आवर्तनांचा तुकडा करून यंत्रास द्यावे, की यंत्र ते अहोरात्र फिरवीत बसते. अंतरा तसा नाही. तो वरच्या षड्जाकडे झेप घेतो, क्वचित लय बदलल्यासारखी करतो, मध्येच श्वास घेतो, आणि शब्दांकडे लक्ष मागतो. लक्ष मागणारी प्रत्येक गोष्ट डीजेच्या धंद्यास अडचणीची. म्हणून अंतरा जातो. यात डीजेचा फार दोष आहे असेही आम्ही म्हणणार नाही. त्याला जसली सुपारी मिळते तसले तो वाजवितो.

नावाच्या त्या ओळीचे काय झाले, ते आता पाहू. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात, पूर्वी ध्वनिमुद्रित झालेले गीत नोटीस व मानधन देऊन पुन्हा मुद्रित करण्याची मुभा होती. तिचाच आधार सांगून नव्वदीच्या आगेमागे दुसऱ्यांच्या लोकप्रिय गीतांच्या नव्या आवाजातील स्वस्त कॅसेटींचा पूर आला. २०१२ साली कायदा सुधारला आणि ३१ग हे कलम आले. ते सांगते की, पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष सरल्यावर पाच वर्षे असे पुनर्मुद्रण करता येणार नाही. दरसाल निदान पन्नास हजार प्रतींचे मानधन आगाऊ द्यावे. आणि मालकाच्या संमतीवाचून, तांत्रिक गरज नसता, शब्दांत वा चालीत बदल करू नये. एखाद्या भाषेतील गीतांचा खप लक्षात घेऊन हा आकडा कमी ठरविण्याचीही तजवीज त्यात आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण मालकाची संमती मिळाली की सारे बंधन सुटते, आणि मालक म्हणजे बहुधा कवीही नव्हे, संगीतकारही नव्हे, ती ध्वनिमुद्रण-कंपनी. वेष्टनावर काय छापावे हे सांगणारे ५२क कलम मुद्रण करणाऱ्याचे नाव मागते, कॉपीराइटच्या मालकाचे नाव मागते, प्रकाशनाचे वर्ष मागते. कवीचे नाव मागत नाही! ५७ वे कलम कर्त्यास आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते खरे. पण हक्क सांगावयास कर्ता जिवंत पाहिजे, अथवा त्याचे वारस जागे पाहिजेत. जे किर्लोस्करांचा छापखाना कायद्याशिवाय करीत होता, ते आज कायदा असूनही होत नाही.

याचा परिणाम काय होतो? ‘मी डोलकर’ हे गीत आमच्या भागातील हळदींतून हमखास वाजते. वाजविणाऱ्यास विचारा, ऐकणाऱ्यास विचारा. दहांतील नऊ जण सांगतील, ‘जुने कोळीगीत आहे, पारंपरिक.’ ते पारंपरिक नाही. ते शांता शेळके यांनी लिहिले, हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केले, आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायिले. इंदापुरास जन्मलेल्या एका विदुषीने दर्यावरच्या माणसांची बोली इतकी आत्मसात केली की, ते गीत लोकांनी आपलेच मानले, हा त्या प्रतिभेचा केवढा विजय! पण विजय म्हणावयास विजेत्याचे नाव तरी ठाऊक असावे लागते. आणि तेथेही हळदीत उरते ते ध्रुपदच: ‘मी राजा’ एवढा डौल. त्या डोलकराशी बोलणारी स्त्री, त्या दोघांच्या आवाजांची देवघेव, हे सारे अंतऱ्यांबरोबर बुडाले.

आता आम्ही आमच्या गावाकडे येतो, कारण या वादातील खरे नुकसान तेथे आहे आणि त्याविषयी दोन्ही पक्ष मूग गिळून बसले आहेत. बेलवली, कुळगाव, मांजर्ली, कात्रप ही बदलापूरच्या आसपासची जुनी गावठाणे. आज ती इमारतींच्या रांगांत शोधावी लागतात. या टापूत आगरी समाजाची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यांच्या लग्नात धवलारीण असते. ही वयस्क स्त्री लग्नातील एकेक विधी गात गात पार पाडते. मांडव घालण्यापासून, देवांना आवतण देण्यापासून, हळद लावण्यापासून थेट नवरी निघेपर्यंत. तिची गाणी ती धवले. काही ठिकाणी भटजीच्या बरोबरीने, तर पूर्वी भटजीवाचूनही, तिच्या गाण्याने लग्न लागत असे. लिहून ठेवलेली पोथी नाही. सासूकडून सुनेने, मावशीकडून भाचीने कंठस्थ केलेली परंपरा.

‘धवला’ हा शब्द ऐकून मराठी वाङ्मयाच्या वाचकांस काहीतरी आठवावयास हवे. तेराव्या शतकात रिद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या निमित्ताने महानुभाव पंथातील महदंबेने जी गीते रचिली ती ‘धवळे’. त्यांतील विषय रुक्मिणी-स्वयंवराचा, आणि त्यांच्याच जोरावर आम्ही महदंबेस आद्य मराठी कवयित्री म्हणून गौरवितो. महाविद्यालयांतून ती शिकवितो, परीक्षांत तिच्यावर प्रश्न घालतो. लग्नात स्त्रीने रचून गावयाचा तोच प्रकार, तेच नाव, सातशे वर्षांनंतर आमच्या घरापासून चार पावलांवरील मांडवात जिवंत होता. आणि बेलवलीतील किती पदवीधरांनी तो कधी थांबून ऐकला? रिद्धिपूरचे धवळे ते वाङ्मय, बेलवलीचे धवले तो गोंगाट, ही वर्गवारी कोणी केली?

आज त्या मांडवात काय होते, ते सांगतो. हळदीची रात्र लग्नाहून मोठी झाली आहे. पूर्वी बेंजो आला, तेव्हा धवलारीण आणि बेंजो यांच्यात निदान पाळी होती. ती गाई तेव्हा तो थांबे. डीजे थांबत नाही. त्याच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांसमोर साठीतल्या बाईचा गळा कोठे टिकणार? ती हळद लावताना ओठ हलविते, शब्द तिच्या तिलाच ऐकू येतात, आणि सून ते शिकावयाची राहून जाते. इकडे डीजेच्या तबकात धवल्याचाही एखादा तुकडा कधी कधी असतो! पहिली एक ओळ, तीही वेगात, खाली ठेका. म्हणजे ध्रुपद वाजत आहे आणि ज्या बाईस त्याचे अंतरे येतात ती शेजारीच गप्प उभी आहे. अंबरनाथच्या शिवालयाच्या भिंतीवरील एक मूर्ती काढून दिवाणखान्यात ठेवावी आणि देऊळ पडू द्यावे, असा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की, १०६० सालच्या त्या देवळाभोवती पुरातत्त्व खात्याचा फलक तरी आहे.

आणि येथे कायदाही मुका आहे. शांताबाईंच्या गीतास निदान कर्ता आहे, मुदत आहे, मालक आहे. धवल्यास कर्ता नाही, म्हणून मालक नाही, म्हणून परवानगी मागावयाची कोणाकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्याने तुकडा उचलला आणि ध्वनिमुद्रण केले, त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र साठ वर्षे त्याचा! ‘लोकगीत सर्वांचे असते’ असे आम्हांस ऐकविले जाते. सर्वांचे असते हे खरे, पण ते येते थोड्यांनाच. आणि ज्यांना येते त्यांचा मान राखणे ही ‘सर्वां’ची जबाबदारी आहे.

हे केवळ आगऱ्यांचे दुखणे नाही. पलीकडच्या उल्हासनगरात, १९४९ साली ज्या निर्वासितांच्या छावणीस ते नाव मिळाले, त्या सिंधी कुटुंबांतही लग्नाची गाणी आहेत, त्यांना लाडा म्हणतात. घरदार सिंधमध्ये टाकून आलेल्या स्त्रियांनी जे थोडे बरोबर आणले त्यात ती होती. तेथील मांडवांतही कर्णे तेच आणि ठेका तोच.

आमच्या वर्गास या ठिकाणी चार कठोर शब्द ऐकवणे प्राप्त आहे. एखाद्या भावगीतास कोणी ठेका लावला की आमच्या दिवाणखान्यांत सुतक पडते, वर्तमानपत्रांत पत्रे जातात. पण तोच दिवाणखाना आपल्या कन्येच्या ‘संगीत’ समारंभास डीजे बोलावतो, आणि ‘जरा जोरात असू दे’ असेही सांगतो. भावगीत आमचे, म्हणून ते पवित्र. धवला त्यांचा, म्हणून त्याचे काय व्हायचे ते होवो! जी माणसे स्वतःच्या आवडत्या गीताच्या अंतऱ्यासाठी भांडतात आणि शेजारणीच्या अंतऱ्यासाठी एक शब्द बोलत नाहीत, त्यांचे प्रेम गीतावर नसून आपल्या वाड्यावर आहे, असे म्हटल्यास त्यांनी रागावू नये.

आम्ही डीजे बंद करा म्हणत नाही. उलट, बेलवलीच्या एखाद्या तरुणाने आपल्या आजीचा धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत मुद्रित करून घ्यावा, त्याचे सर्व अंतरे ठेवून त्यास हवा तो ठेका द्यावा, हवे तेवढे ढोल बडवावेत, आणि वर लिहावे: चाल, अमक्या धवलारणीची. अशा गीतावर आम्ही, आमच्या या वयात, मांडवात उभे राहून हातवारे करावयास तयार आहोत. ग्रेस जोन्सने पियाफचे जे केले, ते येथे कोणी करील तर त्यास आडवे येणाऱ्या सोवळ्यांशी भांडावयासही आम्ही तयार आहोत. धवलारणीस हळदीच्या आरंभी तासभर ध्वनिक्षेपक द्यावा, तोवर कर्णे बंद ठेवावेत, एवढे सांगावयास यजमानास कोणत्या कलमाची गरज नाही. डीजेची सुपारी आणि तिची साडीचोळी यांतील अंतर थोडे कमी केले तर यजमानाचे दिवाळे निघत नाही.

तुळशीची लग्ने आटोपली की गावात मांडव पडू लागतील. डीजेंच्या तारखा बहुतेक आताच लागल्या आहेत, बेंजोवाल्यांचीही सुपारी गेली आहे. धवलारणीच्या दारी आवतण घेऊन मात्र अजून कोणी गेलेले नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी एखादे पोर पाठवून तिला बोलावून घेऊ, असे घरोघर गृहीत धरलेले आहे.